चुंबकाचे उपचार म्हणजे ‘शॉक’ नव्हेत

डिप्रेशनवर मेंदूला चेतना देणारे उपचार करू, असं डॉक्टरांनी नुसतं म्हटलं तरी आमच्याकडे गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत घरच्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: शॉक. मग काही जण बांबोळीच्या इस्पितळाची वाटच सोडतात. त्याचं मला फार वाईट वाटतं.

शॉक म्हणजे ईसीटी, इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी. चेर्लेत्ती आणि बिनी या इटालियन डॉक्टरांनी तो १९३८ साली रोममध्ये प्रथम दिला. यात विजेने मेंदूत मुद्दाम आकडी आणतात आणि गुण येतो तो तिच्यामुळेच. पण रुग्ण तडफडत नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. काही आठवणी पुसट होतात, ही भीती मात्र खरी. तरीही अन्नपाणी सोडलेल्या, स्वतःच्याच जिवावर उठलेल्या माणसाला इतक्या लवकर सावरणारा उपचार क्वचितच असेल. त्याला क्रूर म्हणणं मला पटत नाही.

चुंबकाच्या उपचारात, म्हणजे आरटीएमएसमध्ये, भूल नाही, आकडीही आणायची नसते. ती चुकून येण्याचा धोका अगदी थोडा. खुर्चीत जागं बसायचं. डोक्याला टेकवलेली कॉइल टकटक करत कपाळामागच्या, बहुधा डाव्या, भागात चुंबकीय स्पंदनं सोडते. थोडं डोकं दुखतं, पण नंतर स्कूटर चालवत घरी जाता येतं. औषधांनी गुण न आलेल्या डिप्रेशनसाठी अमेरिकेत याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. अडचण वेगळीच: आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. काणकोणहून रोज ये-जा करणाऱ्याने रजेचा हिशेब आधीच मांडावा.

आता डिप्रेशनमधल्या चिडचिडीबद्दल. बायकोमुलांवर सतत खेकसणारा माणूस ‘तापट’ ठरतो, आजारी नाही. पण मोठ्यांच्या डिप्रेशनमध्येही चिडचिड पुष्कळदा असते, आणि आरटीएमएसने उदासी उतरते तशी तीही काहींच्या बाबतीत निवळते. केवळ चिडचिडीसाठी कोणी शॉक देत नाही. तेवढ्यासाठी आरटीएमएसही मान्य नाही.

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल तर आरटीएमएस चालत नाही. आणि चिडचिडीबरोबर झोप कमी होऊनही अंगात उत्साह मावत नाही, असे दिवस पूर्वी आले असतील, तर तो बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साह आणणारा, आजार असू शकतो. तेव्हा उपचारांची दिशाच बदलते.