साहित्यवाचनासाठी इंग्रजी शब्दसंपदा

बोलण्यात किंवा बातम्यांत क्वचित येणाऱ्या, पण कथा-कादंबऱ्या, कविता व निबंधांत वारंवार भेटणाऱ्या इंग्रजी शब्दांची जाण. हे शब्द तोंडी असावेच लागतात असे नाही. वाचताना अर्थ आणि छटा कळली की पुरे.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांच्या १९५३च्या यादीत नित्य वापराचे सुमारे २,००० शब्द होते. साहित्याला तेवढे पुरत नाहीत. शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरीतले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला ८,००० ते ९,००० शब्दकुळे (मूळ शब्द व त्याची साधित रूपे) लागतात. एवढे करूनही तीनशे शब्दांच्या पानावर सहा शब्द अडतातच.

या पसाऱ्याचे एक मूळ इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली. धर्म आणि विद्येच्या क्षेत्रात लॅटिन होतीच. त्यामुळे ‘किंगली’ (मूळ इंग्रजी), ‘रॉयल’ (फ्रेंचमधून), ‘रीगल’ (लॅटिनमधून) असे ‘राजेशाही’ या एकाच अर्थाभोवतीचे शब्द शेजारी नांदतात. मराठीत पाणी, जल आणि उदक एकमेकांच्या जागी चालत नाहीत, तसेच हे.

खरा चकवा मात्र ओळखीचे शब्द देतात. अनोळखी शब्दाशी वाचक थांबतो. ओळखीच्या शब्दावरून चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. ‘नाइस’ म्हणजे एके काळी मूर्ख, ‘सिली’ म्हणजे सुखी वा पुण्यवान. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘प्रेझेंटली’चा अर्थ बहुधा ‘ताबडतोब’ असतो. ज्युलिएटचे ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, ‘का’: रोमिओ कुठे आहे हे ती विचारत नाही, तो रोमिओच का आहे, असे विचारते. अशा वेळी शब्दाच्या प्रत्येक अर्थाची कालक्रमाने अवतरणे देणारा ऑक्सफर्ड इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण) उपयोगी पडतो.

परीक्षांसाठीच्या याद्यांत भारदस्त विशेषणांची रेलचेल असते. कादंबरीत वाचक अडतो तो बहुतेकदा जहाजाचे भाग, घोडागाडीचे प्रकार, कापड आणि झाडाझुडपांच्या नावांशी. संदर्भावरून अंदाज बांधता येतो, पण आजूबाजूचे शब्द कळत असतील तरच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवल्याप्रमाणे विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते. म्हणून शब्दांची उजळणी अंतराअंतराने करतात. मोठ्या ग्रंथातले जवळजवळ निम्मे वेगवेगळे शब्द एकदाच येतात. त्यामुळे अनुभवी वाचक पहिल्या भेटीत शब्दाखाली फक्त पेन्सिलीची रेघ ओढतात आणि तो पुन्हा आला तरच वहीत उतरवतात.