डेमलो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१

नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. सतरा अंकी असून उलट वाचली तरी तीच राहते. देवळालीचे शाळाशिक्षक व गणिती द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांनी अशा संख्यांना मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या डेमलो या रेल्वे स्थानकाचे नाव दिले.

गुणाकार मांडला की १११११११११ च्याच नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्यात नऊ होतात व पुढे उतरत जातात. हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा १ घेतला की हे बिघडते. मधल्या रकान्यात १० जमतात, हातचा शेजारच्या ९ मध्ये मिळून तिथेही १० होतात, त्याच्या डावीकडच्या ८ चे ९ होतात आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१.

अवयव शोधायला सर्वांत सुंदर वाट नऊ-नऊ अंकांच्या गटांची आहे. उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, उरलेले १२३४५६७८; बेरीज ९९९९९९९९९. डावा गट १०००००००००, म्हणजे (९९९९९९९९९ + १) ने गुणलेला असतो, म्हणून आपली संख्या = ९९९९९९९९९ × १२३४५६७९. यातला १२३४५६७९ म्हणजे ३७ × ३३३६६७, आणि हे दोन्ही अवयव मूळ संख्या. ९९९९९९९९९ म्हणजे ८१ × १२३४५६७९. तेव्हा पूर्ण अवयव: ८१ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७. ८१ हा ३ चा चौथा घात, म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते.

अंकांची बेरीजही ८१, म्हणजे ही हर्षद संख्या (अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी). हे नावही कापरेकरांचेच. मात्र बेरीज ८१ आली एवढ्यावरून ८१ ने भाग जातो असे म्हणता येत नाही. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी. ९९८१ च्या अंकांची बेरीज २७ होते, पण २७ ने भागल्यास बाकी १८ उरते.

३७ मुळे आणखी एक गोष्ट मिळते. ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग. ३७, ३५ व १२ या तिन्हींना ३००३००३ ने गुणले की १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६ यांच्या वर्गांची बेरीज नेमकी हीच संख्या येते. ३ व ३३३६६७ यांना ४ ने भागता बाकी ३ उरते, म्हणून शून्य न वापरता दोन वर्गांत फोडण्याची ही एकच रीत.

संगणकावर पडताळताना जपावे. एक्सेल पंधराच अंक ठेवते, शेवटचे दोन शून्य करते. ‘डबल’ या दशांश संख्यांच्या प्रकारात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे विषम पूर्णांक बसत नाहीत. शेवटच्या १ चा ० होतो आणि मग ३ नेही भाग जात नाही. ६४ बिटी पूर्णांक प्रकारात ती बिनचूक मावते. तो नसेल तर वरचे दोन गट वेगळे ठेवून हिशोब करावा.