आभासी शर्यतीचा करारनामा : ‘व्यावसायिक वर्तन’ आले कुठून

जळगावात गेल्या वर्षी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर झालेला दीड पानी करार पाहण्यात आला. एका बाजूला संगणकाच्या सुट्या भागांचा विक्रेता होता आणि दुसऱ्या बाजूला सतरा वर्षांचा मुलगा. नाव मुलाचे, सही वडिलांची. विक्रेत्याने स्टीअरिंग व्हील आणि पेडलचा संच द्यायचा, मुलाने महिन्याला संगणकावरच्या चार मोटार-शर्यती थेट प्रक्षेपित करायच्या, पडद्यावरच्या गाडीच्या बोनेटवर दुकानाचे नाव ठेवायचे, आणि सातव्या कलमानुसार ‘खेळाडूने नेहमी व्यावसायिक वर्तन ठेवावे’. या कलमात नेमके काय येते, असे तिघांना विचारले. विक्रेता म्हणाला, ‘दुकानाचं नाव खराब व्हायला नको भाऊ, बाकी काही नाही.’ वडील म्हणाले, ‘टाइमावर बसला पाहिजे, अर्ध्यातून उठायचं नाही.’ मुलाच्या लेखी अर्थ एवढाच होता की वळणावर कुणाला मुद्दाम ठोकायचे नाही.

तिघांपैकी कोणीही चुकीचे बोलत नव्हते. गोंधळ शब्दातच आहे. मराठीत ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाला एखाद्या पेशाची शिस्त अभिप्रेत असते. ‘व्यावसायिक सिलिंडर’ किंवा ‘व्यावसायिक गाळा’ म्हणतो तेव्हा धंद्याचा हिशेब. इंग्रजीत ज्यांना प्रोफेशनल आणि कमर्शिअल असे दोन निराळे शब्द आहेत, त्या दोघांना आपण एकाच शब्दात बसवले आहे. तयार इंग्रजी मसुद्यावरून उतरवलेल्या करारात ‘प्रोफेशनल कंडक्ट’चे ‘व्यावसायिक वर्तन’ झाले की प्रायोजक त्यात आपला धंदा वाचतो आणि खेळाडू आपला पेशा. मात्र याचे सगळे खापर भाषांतरावर फोडता येत नाही, कारण हे दोन अर्थ या खेळातही एकमेकांत मिसळले गेले, आणि ते मुख्यतः २०२० च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत घडले.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. या खेळात मुलाने सांगितलेला अर्थ सर्वांत जुना. २००८ साली सुरू झालेल्या आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतीच्या खेळाने ट्रॅकवरच्या वागण्याला आकड्यांत बांधले: चाके ट्रॅकबाहेर गेली तर १ गुण, गाडीवरचा ताबा सुटला तर २, दुसऱ्या गाडीशी जोराची धडक झाली तर ४, आणि या गुणांवरून चालकाची सुरक्षिततेची श्रेणी ठरते. यात दोष कोणाचा हे यंत्र पाहत नाही. धडक देणारा आणि धडक खाणारा, दोघांच्याही खात्यावर चार-चार गुण चढतात. मुद्दाम ठोकल्याची तक्रार असेल तर ती वेगळी नोंदवावी लागते आणि तिचा निवाडा माणसे करतात. त्याच वर्षी ग्रॅन टुरिस्मो हा शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांतून खरे चालक निवडण्याची स्पर्धा सुरू झाली, आणि २०१४ मध्ये ती भारतातही झाली. जानेवारी २०१७ मध्ये लास वेगासला फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेने दहा लाख डॉलरच्या बक्षिसांची आभासी शर्यत घेतली. सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे पहिल्या आलेल्या चालकाला जादा शक्ती ठरल्यापेक्षा अधिक वेळ मिळाली होती, म्हणून त्याला वेळेचा दंड लावून निकाल फिरवण्यात आला. इतका पैसा येऊनही चर्चा निकालाचीच झाली, चालकाच्या वागणुकीची नाही.

विक्रेत्याच्या अर्थाचे मूळ दुसरीकडे आहे. फॉर्म्युला वनच्या गाड्या १९६८ च्या हंगामापर्यंत देशाच्या रंगात धावत. त्या हंगामात सिगारेट कंपन्यांचे रंग आले आणि गाडी हा फिरता फलक झाला. कलाकाराच्या खासगी वागण्यावरून करार मोडण्याचे कलम त्याहूनही जुने. १९२१ साली एका अमेरिकी चित्रपट कंपनीने, एका विनोदी नटावरील गंभीर आरोपांनंतर, आपल्या करारांत ते घातले. आपल्याकडे यात्रेच्या तमाशाची सुपारी घेतलेल्या फडाने दिल्या रात्री गावात यायचे आणि वग रंगवायचा, एवढेच बंधन असे. कलावंत घरी कसे राहतात, हा सुपारी देणाऱ्या गावाचा विषय नव्हता. सुपारीची ही जुनी व्यवस्था प्रायोजकत्वाच्या नव्या व्यवस्थेपेक्षा एका बाबतीत तरी स्वच्छ होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने खऱ्या शर्यती थांबल्या. २२ मार्चला नासकार या अमेरिकी मोटार-शर्यत मालिकेच्या चालकांची पहिली निमंत्रित आभासी शर्यत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि नऊ लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली. फॉर्म्युला वनची आभासी मालिकाही त्याच दिवशी सुरू झाली. खऱ्या गाडीवरचे प्रायोजक दोन-चार दिवसांत पडद्यावरच्या गाडीवर आले, पण ट्रॅक आता चालकाच्या घरात होता. हेल्मेट नव्हते, कॅमेरा चेहऱ्यासमोर, मायक्रोफोन सतत चालू, आणि बाजूच्या खोलीत घरचे लोक.

५ एप्रिलला ब्रिस्टलच्या आभासी ट्रॅकवर एका चालकाने दुसऱ्याशी झालेल्या टकरीनंतर वैतागून खेळ बंद केला. त्याच्या गाडीवर सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात होती. त्या कंपनीने समाजमाध्यमावर जाहीरपणे त्याला निरोप दिला. आम्हाला चालक हवेत, अर्धवट सोडून जाणारे नकोत, असा त्याचा आशय होता. जळगावचे वडील ‘अर्ध्यातून उठायचं नाही’ म्हणतात, ते त्यांना ठाऊक नसले तरी या दिवसाचेच बोलणे आहे. पाठोपाठ १२ एप्रिलला, अधिकृत मालिकेशी संबंध नसलेल्या एका हौशी शर्यतीत, दुसऱ्या नामांकित चालकाने वांशिक शिवी उच्चारली. आपण खासगी वाहिनीवर बोलतो आहोत असे त्याला वाटत होते. ती सगळ्यांना ऐकू गेली. दोन दिवसांत मोठे प्रायोजक बाहेर पडले, खऱ्या मालिकेने त्याला निलंबित केले आणि संघाने काढून टाकले. पुढच्या वर्षी तो परतला आणि विजेताही ठरला. नव्या संघात त्याच्या गाडीवर बहुतांश शर्यतींत संघमालकाच्याच व्यवसायाचे नाव होते. शिवीबद्दल कारवाई व्हायलाच हवी होती. लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे: चालक आपल्या मर्जीने, कोणाच्याही वतीने नव्हे, असा खेळत असतानाही करार त्याच्यासोबत खोलीत बसलेला असतो, हे त्या रात्री ठरून गेले.

सर्वांत वादग्रस्त निर्णय २३ मेचा. फॉर्म्युला ईची घरबसल्या मालिका सुरू होती आणि तिचा निधी मुलांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला जात होता. आधीच्या फेऱ्यांत मागे राहणारा एक जर्मन चालक बर्लिनच्या फेरीत अचानक तिसरा आला. त्याचा चेहरा कॅमेऱ्यात नीट दिसत नव्हता, आणि शर्यत संपताच एका प्रतिस्पर्ध्याने उघड शंका घेतली. आयोजकांनी तपास केला तेव्हा चाकामागे चालक नव्हताच, असे निघाले. त्याच्या नावाने एक तरबेज सिम रेसर, म्हणजे आभासी शर्यतींचाच खेळाडू, चालवत होता. आपल्याकडे परीक्षेला डमी बसवतात, तसलाच प्रकार. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने तोतया उभा राहिलेल्या मुलखाला तो समजावून सांगावा लागत नाही. आयोजकांनी चालकाला बाद केले, गुण काढून घेतले आणि १०,००० युरो धर्मादाय कामाला द्यायला लावले. तोतयालाही सिम रेसरांच्या जोडमालिकेतून बाद केले.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती, कारण फसवणूक शर्यतीत झाली आणि शिक्षाही शर्यतीच्या आयोजकांनी दिली. पण तीन दिवसांनी चालक ज्या गाडी कारखान्याच्या संघात होता, त्या संघाने त्याला निलंबित केले आणि खऱ्या गाडीतली त्याची जागा गेली. चालकाचे म्हणणे असे होते की हा चाहत्यांसाठीचा विनोद होता, त्याचे चित्रीकरण चालू होते आणि गुपित आपण नंतर फोडणारच होतो. हा बचाव लंगडा आहे, कारण विनोद करायचा तर आयोजकांना आधी कळवता आले असते. तरीही संघाचा निर्णय प्रस्तुत लेखकाला अतिरेकी वाटतो. त्याचे खरे कारण विनोदातही नव्हते आणि शर्यतीतही नव्हते. सचोटी आणि पारदर्शकता ही कारणे देणारा संघ ज्या समूहाच्या कारखान्याचा होता, तो समूह डिझेल गाड्यांच्या धूर-चाचण्यांतील लबाडीबद्दल २०१५ पासून जगभर उत्तरे देत होता, हा योगायोग त्या वेळी अनेकांच्या नजरेतून सुटला नाही. काही सहचालकांनी खेळ खेळासारखा घ्यावा असे म्हटले आणि आपण प्रक्षेपणच बंद करू, असेही बोलून दाखवले. तोच चालक ऑगस्टमध्ये बर्लिनलाच झालेल्या खऱ्या शर्यतींत दुसऱ्या संघाच्या गाडीत बसला, म्हणजे खेळाच्या दृष्टीने तो अपात्र नव्हता. ज्याने त्याला नाकारले तो धंदा होता, आणि नाकारण्याची भाषा मात्र पेशाच्या शिस्तीची होती.

जळगावच्या करारातील चौथे कलम याच घटनेचे दूरचे अपत्य आहे: ‘खेळाडूने स्वतःच चालवावे, मित्राने किंवा भावाने बसू नये.’

खानदेशात मात्र त्याहून अवघड प्रश्न विजेचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये आभासी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फॉर्म्युला वनचा तत्कालीन जगज्जेता आघाडीवर असताना त्याची जोडणी तुटली. त्याने आयोजनाला जाहीरपणे विदूषकी तमाशा म्हटले आणि तो खेळ आपण संगणकावरून काढून टाकणार असल्याचे सांगितले. त्याच्या जागी कोणी नवखा असता तर प्रायोजकाने हेच शब्द वर्तनभंग म्हणून मोजले असते. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी वीज जाते. इन्व्हर्टरवर जाताना पंखा क्षणभर अडखळतो तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होतो, राउटर दोन-तीन मिनिटे दिवे लुकलुकवत बसतो आणि शर्यत गेलेली असते. प्रायोजकाला पडद्यावर दिसतो तो अर्ध्यातून उठलेला मुलगा. पहिल्या दोन महिन्यांत असे तीनदा झाले आणि विक्रेत्याने प्रत्येक वेळी ठरलेल्या दंडाचे हजार रुपये हिशेबात धरले.

हा दंड कायद्यात कितपत टिकतो, हे पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ करारात लिहिलेल्या रकमेला कमाल मर्यादा मानते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच देवविते, त्यामुळे आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही. दुसरे म्हणजे अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिशकालीन सर्वोच्च अपील न्यायालयाने १९०३ मध्येच सांगितले आहे. वडिलांच्या सहीने ही अडचण सुटते असा सार्वत्रिक समज असला, तरी १९४९ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर जवळजवळ हेच प्रकरण आले होते. अल्पवयीन मुलीच्या वतीने वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी तिच्या कामाचा करार केला होता आणि तो न्यायालयात टिकला नाही. सिनेमाच्या जागी सिम रेसिंग घातले तर जळगावच्या दीड पानाचे भवितव्य वेगळे नसावे.

प्रायोजकाच्या देण्यावर अलीकडे आणखी बंधने आली. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनाचे प्रभावकांसाठीचे (इन्फ्लुएन्सर) नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. फुकट मिळालेल्या व्हीलचे कौतुक करताना ती जाहिरात आहे हे सांगावे लागते. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकराच्या १९४आर कलमाने वर्षाला २०,००० रुपयांवरील वस्तुरूप लाभावर दहा टक्के करकपात आणली. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ ठरत नाही, ठेवून घेतली तर ठरतो. वैयक्तिक मालकीच्या, एक कोटीच्या आत उलाढाल असलेल्या दुकानाला यातून सूट आहे, पण करारात व्हील ‘दिले’ आहे की ‘वापरायला दिले’ आहे हे स्पष्ट नसते, आणि मुलाने ट्रॅकवर कोणाला ठोकले की विक्रेत्याला पहिली आठवण त्या व्हीलचीच होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ खेळांना, वेगळी मान्यता दिली. सहभागाचे शुल्क घेता येते आणि कामगिरीवर बक्षीसही देता येते, पैज मात्र लावता येत नाही. मोठ्या स्पर्धांना याचा अर्थ सरळ आहे. कॅफेत दोन रिग (व्हील, पेडल आणि आसनाचे संच) मांडून प्रत्येकी दोनशे रुपये गोळा करायचे आणि जमलेली सगळी रक्कम पहिल्याला द्यायची, या गल्लीतल्या रिवाजाला शुल्क म्हणायचे की डाव, हे मात्र आयोजकाला स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे लागते, आणि त्याच्या फलकावर नाव असलेल्या विक्रेत्यालाही.

मुलगा यंदा अठरा वर्षांचा झाला आणि करार नव्याने, त्याच्याच सहीने झाला. सातवे कलम जसेच्या तसे आहे. त्याखाली निळ्या पेनाने एक ओळ वाढवली आहे, ‘वीज गेल्यास शर्यत धरली जाणार नाही’, आणि ओळीच्या टोकाला दोघांच्या आद्याक्षरी सह्या आहेत. ‘धरली जाणार नाही’ म्हणजे दंडाला धरणार नाहीत की महिन्याच्या चारांत मोजणार नाहीत, हे विचारले तेव्हा दोघे एकमेकांकडे पाहू लागले.