ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट (विंडोज)

ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट म्हणजे विंडोजमधली, कमांड (लेखी हुकूम) टाईप करून काम करून घ्यायची तीच आपली काळी विंडो, फक्त ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार घेऊन उघडलेली. आतला प्रोग्राम दोन्हीकडे एकच, सीएमडी. साधी उघडा नाहीतर ॲडमिन उघडा, काळा रंग तोच, अक्षरं तीच आणि कर्सरही तसाच लुकलुकतो. ओळखायच्या खुणा दोनच: वरच्या पट्टीत नावाच्या आधी 'ॲडमिनिस्ट्रेटर' असं येतं, आणि साधी विंडो तुमच्या नावाच्या फोल्डरवर उघडते तर ही थेट विंडोज फोल्डरच्या आतल्या सिस्टम ३२ मध्ये. कोणी फोनवर "चालत नाहीये रे" म्हटलं की सगळ्यात आधी हीच पट्टी वाचायला सांगावी, निम्म्या वेळा भानगड तिथेच असते.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, अहो माझं अकाउंट ॲडमिनचंच आहे, कॉम्प्युटर माझा, पैसे मी भरले, मग परत 'ॲडमिन म्हणून चालवा' ही काय भानगड? तर ॲडमिन अकाउंट असणं वेगळं आणि एखादा प्रोग्राम ॲडमिन म्हणून चालणं वेगळं. लॉगिन केल्यावर विंडोज अशा माणसाच्या नावाने दोन टोकन तयार करतं, टोकन म्हणजे याला काय काय करू द्यायचं त्याची चिठ्ठी समजा. एका चिठ्ठीवर पूर्ण अधिकार, दुसरीवर काटछाट केलेले. डेस्कटॉप, स्टार्ट मेनू, फाईल्सची विंडो हे सगळं काटछाटवाल्या चिठ्ठीवर चालतं, आणि तिथून जे जे डबल क्लिक करून उघडाल त्याला वारसाहक्काने तीच चिठ्ठी मिळते. पूर्ण चिठ्ठी हवी तर मुद्दाम मागावी लागते. आणि एकदा सुरू झालेल्या प्रोग्रामची चिठ्ठी मधेच बदलून देता येत नाही, म्हणून साध्या विंडोत दहा कमांड मारून झाल्यावर ॲडमिनची गरज लागली तरी तीच विंडो 'वर चढवता' येत नाही, नवीनच उघडावी लागते.

पूर्वी हा ताप नव्हता. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये परवानगी हा प्रकारच नव्हता, विंडोज ९५ आणि ९८ मध्येही घरच्या मशीनवर जो बसेल तो मालक. परवानग्यांची व्यवस्था १९९३ च्या विंडोज एनटीपासूनची, सीएमडीसुद्धा तिथलीच, पण एनटी होतं ऑफिसांसाठी. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने तेच एनटी घराघरात आणलं, मात्र इन्स्टॉल करताना बनणारं अकाउंट सरसकट ॲडमिन, त्यामुळे सगळी जनता दिवसभर पूर्ण अधिकारात गाणी ऐकायची आणि पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरसही त्याच अधिकारात आरामात घर करायचा. मग विंडोज व्हिस्टा आलं, कंपन्यांसाठी २००६ च्या शेवटी आणि बाकीच्यांसाठी जानेवारी २००७ मध्ये, आणि सोबत यूएसी म्हणजे यूजर अकाउंट कंट्रोल. ते इतक्यांदा विचारायचं की लोक वैतागून बंदच करून टाकायचे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये चार पायऱ्यांचा स्लायडर दिला, तेव्हा कुठे जरा सुसह्य झालं.

यूएसीचा प्रश्न येतो तेव्हा मागची स्क्रीन अंधारते, ते नुसतं दिखाव्यासाठी नाही. ती चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर असते, म्हणजे चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला तुमच्या वतीने 'येस' दाबता येऊ नये. याचाच एक त्रास असा की स्क्रीन शेअर करून कोणाला मदत करत असाल तर बऱ्याचदा नेमकं त्याच क्षणी आपल्याला काहीच दिसत नाही, आणि पलीकडचा माणूस "आता काय करू, काहीतरी विचारतंय" म्हणून थांबून राहतो.

उघडायची नेहमीची रीत अशी: स्टार्टचं बटण, सीएमडी (cmd) ही तीन इंग्रजी अक्षरं टाईप, वर जे नाव दिसेल त्यावर राइट क्लिक आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. माऊसला हात लावायचा नसेल तर तीन अक्षरं टाईप केल्यावर नुसतं एंटर न मारता कंट्रोल आणि शिफ्ट धरून एंटर. फोनवरून सांगताना हीच पद्धत बरी असं वाटतं, पण तिथेही "मामा, तिन्ही एकत्र, आधी दोन धरून ठेवा आणि मग एंटर" "अरे धरलंय" "मग पट्टीत ॲडमिनिस्ट्रेटर आलं का" "नुसतं कमांड प्रॉम्प्ट लिहिलंय" "बंद करा, परत" असं दोनतीनदा होतंच. विंडोज ८ पासून विंडोजची की आणि एक्स दाबलं की कोपऱ्यात एक मेनू येतो, त्यात पूर्वी ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट असायचा, २०१७ च्या अपडेटनंतर विंडोज १० मध्ये तिथे पॉवरशेल आलं आणि विंडोज ११ मध्ये टर्मिनल (दोन्ही कमांड टाईप करायच्या नव्या विंडो), त्यामुळे जुन्या लेखांतल्या पायऱ्या आता जुळत नाहीत. स्टार्ट मेनूच गोठला असेल तर कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर उघडून 'रन न्यू टास्क', तिथे सीएमडी लिहून खालच्या चौकोनात टिक.

अकाउंट साधं असेल, म्हणजे ऑफिसचा लॅपटॉप वगैरे, तर येस-नो ऐवजी ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो. इथे एक गंमत आहे जी पटकन लक्षात येत नाही: उघडणारी विंडो मग तुमची नसतेच, ज्याचा पासवर्ड टाकला त्या माणसाची असते. 'हू ॲम आय' कमांड मारली तर त्याचं नाव येतं, आणि यूजर फोल्डर धरून काही सेव्ह केलं तर ते त्याच्या फोल्डरात जाऊन बसतं आणि आपण आपल्या डेस्कटॉपवर शोधत बसतो. नेटवर्कवरचा झेड ड्राइव्हही असाच गायब होतो, अकाउंट आपलंच असलं तरीसुद्धा, कारण तो जोडलेला असतो काटछाटवाल्या लॉगिनला. बॅच फाईलही (एकामागून एक चालणाऱ्या कमांड लिहून ठेवलेली फाईल) ॲडमिन म्हणून चालवली की सिस्टम ३२ मध्ये सुरू होते आणि शेजारची फाईल सापडत नाही म्हणून रडते.

हे सगळं लागतं कधी? पिंग, आयपी कॉन्फिग या नेटवर्क बघायच्या कमांड, फोल्डरची यादी यांना काही लागत नाही, उगाच ॲडमिन उघडू नये. सिस्टमच्या फाईल तपासणारं एसएफसी मात्र साध्या विंडोत सरळ नकार देतं, विंडोजची दुरुस्ती करणारं डिझम एरर ७४० देतं, म्हणजे जादा अधिकार हवेत, आणि डिस्कचे भाग पाडणारं डिस्कपार्ट आणखी वेगळं, ते यूएसीला स्वतःच बोलावतं आणि आपली वेगळी विंडो उघडतं. डिस्कपार्टबद्दल मात्र जपून. पेन ड्राइव्ह साफ करताना 'सिलेक्ट डिस्क २' च्या जागी चुकून १ लिहिलं गेलं आणि खाली 'क्लीन' मारलं तर ते 'नक्की ना?' असं विचारतसुद्धा नाही, त्या डिस्कच्या पार्टिशनची (भागांची) माहिती तिथल्या तिथे साफ. आधी 'लिस्ट डिस्क' मारून जीबीचा आकडा पेन ड्राइव्हचाच आहे ना हे बघावं, मगच पुढे.

ॲडमिन म्हणजे सर्वशक्तिमान असाही समज आहे, तो चूक. व्हिस्टापासून विंडोजच्या बऱ्याच मूळ फाईलींचा मालक ट्रस्टेड इन्स्टॉलर नावाचं खातं असतं, ॲडमिन विंडोतून डिलीट करायला गेलात तरी 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं. ॲडमिन मालकी स्वतःकडे ओढून घेऊ शकतो हे खरं, पण का घ्यायची ते आधी माहीत असावं.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे देवनागरी. जुन्या काळ्या विंडोला जोडाक्षरं, काना-मात्रा नीट मांडता येत नाहीत, त्यामुळे फोल्डरचं नाव मराठीत असेल तर तिथे चौकोनांची रांग दिसते. फाईल बिघडलेली नसते, फक्त दिसत नाही, तरी टाईप करून नाव जुळवणं अवघडच, टॅब दाबून नाव पूर्ण करून घेणं सोपं पडतं.

कोणी अनोळखी माणूस फोन करून ही विंडो उघडायला लावत असेल तर फोन ठेवावा. 'ट्री' कमांड मारून फोल्डरांची सरसर पळणारी यादी दाखवायची आणि "बघा, हॅकर घुसलाय" म्हणायचं ही त्यांची जुनी युक्ती आहे, तिला ॲडमिनही लागत नाही. हल्ली वेबसाईटवर 'मी रोबोट नाही' च्या नावाखाली विंडोज की आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगतात, तोही त्याच गावचा.

युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवाल्यांकडे या कामासाठी सुडू (sudo) ही कमांड आहे, १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात लिहिलेलं, आणि २०२४ च्या २४एच२ अपडेटपासून विंडोज ११ मध्येही त्याच नावाची सोय आली आहे, सेटिंगमध्ये चालू करावी लागते. युनिक्सच्या सुडूमध्ये अधिकार त्या एका कमांडपुरते, पासवर्डही थोडी मिनिटंच लक्षात राहतो. ॲडमिन विंडोला असली मुदत नाही. सकाळी उघडून विसरलात तर संध्याकाळीही ती ॲडमिनच असते आणि तिच्यातून उघडलेलं नोटपॅडसुद्धा ॲडमिन, म्हणून काम झालं की 'एक्झिट' लिहून एंटर.