उंची-जुळणी, मोटारगाडीची

फेरफाराची सोय असलेल्या निलंबनावर (सस्पेन्शनवर) गाडी ठरलेल्या उंचीस व डावी-उजवीकडे सारखी बसवण्याचे काम. पीळदांडी (टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी) आणि आटेदार बैठकीची स्प्रिंग हे यातील दोन प्रमुख प्रकार.

पीळदांडीचे श्रेय बहुधा मोटार-अभियंते फेर्डिनांड पोर्शे यांना दिले जाते. त्यांचे एकस्व (पेटंट) १९३१ च्या सुमाराचे. तथापि ब्रिटिश अभियंते पॅरी-टॉमस यांनी १९२० च्या आसपास आरेखिलेल्या ‘लेलँड एट’ गाडीत मागच्या कमानपाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) मदतीला पीळदांडी होतीच. त्यामुळे कल्पनेचा आरंभ पोर्शेपूर्वीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उंची बारकाईने साधण्याची उत्तम योजना फोक्सवॅगन बीटलच्या मागील दांडीत दिसते. तिच्या आतल्या टोकास ४० व बाहेरच्या टोकास ४४ खाचा असतात. आतले टोक एक खाच फिरवल्यास ९ अंशांचा, तर बाहेरचे एक खाच उलट फिरवल्यास सुमारे ८ अंश १० मिनिटांचा (६० मिनिटांचा एक अंश) फरक पडतो. वजाबाकी उरते ती जेमतेम ५० मिनिटे. टाटा सफारीच्या पुढील चाकांनाही पीळदांडी होती. अशा मांडणीत सहसा दांडीच्या टोकाचा बोल्ट आवळून उंची वाढवतात. डावी व उजवी दांडी आपसांत बदलू नयेत, कारण प्रत्येकीला कारखान्यातच ठरावीक दिशेचा पीळ दिलेला असतो.

आटेदार प्रकारात स्प्रिंगची बैठक वरखाली फिरवून चेकनटने (बैठक ढिली होऊ न देणाऱ्या दुसऱ्या नटाने) धरतात. दोन्ही बाजूंचे उघडे आटे सारखे मोजले की गाडी समतल झाली, ही समजूत टिकत नाही. चालक, बॅटरी व टाकी यांचा भार मध्यरेषेवर नसतो. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे. ठोकून सरळ केलेल्या मडगार्डचा मात्र भरवसा नसतो, तिथे चॅसीपासून जमिनीपर्यंतचे मापच योग्य.

खानदेशात जमिनीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तापी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरची फरशी वर्षभर एका पातळीत राहीलच असे नाही. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही चाकांखालची पातळी तपासून कमी जागी पत्र्याचे तुकडे घालणे हा साधा व खात्रीचा उपाय आहे. टायरमधील हवा सकाळी, सावलीत भरावी. जळगावच्या उन्हात एका बाजूचे टायर तापले तरी दाब बदलतो. डावे-उजवे चाक एकमेकांशी जोडणाऱ्या स्टॅबिलायझर दांडीची जोडणी सोडून ठेवावी. जॅक काढल्यावर चाके आत ओढलेली राहतात, म्हणून गाडी थोडी पुढे-मागे ढकलून, दाबून मगच मापावी.

उंची सारखी करावी की चाकांवरचा भार, याबद्दल मतभेद आहेत. एक बैठक चढवली की त्या कोपऱ्यासह तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरील भारही वाढतो, आणि तिरपे भार विषम असतील तर कन्नड घाटात गाडी डाव्या व उजव्या वळणांवर वेगवेगळी वागते. शर्यतीच्या गाडीसाठी चार वजनकाट्यांवर भार जुळवणे योग्यच. रस्त्यावरच्या गाडीसाठी आधी उंची, मग तिरप्या भारांची जुळणी हा क्रम अधिक व्यवहार्य दिसतो.

रावेर-यावल भागात केळी वाहणाऱ्या कमानपाट्यांच्या पिकअपना अशी सोय सहसा नसते. तिथे थकलेले पाटे जोडीने बदलतात.

जुळणीनंतर निलंबनाच्या सांध्यांतील रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत. कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकांचा पुढून आत-बाहेर कल) आणि हेडलाइटचा झोत पुन्हा तपासावा लागतो.