जिवंत पाणी: ख्रिस्ती जीवनातील पाण्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात विहिरीबद्दल बोलताना मराठी माणूस ‘झरा जिवंत आहे का’ असे सहज विचारतो. साठवलेले पाणी वेगळे आणि आतून पाझरत राहणारे वेगळे, हा भेद आपल्या बोलीत इतका मुरलेला आहे की योहानाच्या शुभवर्तमानातील ‘जिवंत पाणी’ हे शब्द आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत कोणाला परके वाटत नाहीत. हिब्रू भाषेतही वाहत्या, झऱ्याच्या पाण्याला ‘मायिम हाय्यिम’, म्हणजे जिवंत पाणी, असेच म्हणत. यिर्मया संदेष्टा लोकांना दोष देतो तो याच भेदावर बोट ठेवून: त्यांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि पाणी न टिकणारे फुटके हौद खोदले.

चर्चमधले पाणी म्हटले की आज प्रथम बाप्तिस्मा आठवतो, म्हणजे धुण्याचे पाणी. परंपरेचा पिण्याच्या पाण्याशी असलेला संबंधही तितकाच जुना आहे, आणि तो मागे पडला याची खंत वाटते. याकोबाच्या विहिरीवर थकलेला येशू शोमरोनी स्त्रीकडे आधी स्वतःच्या तहानेसाठी पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत; म्हणून यहुदी असून तो आपल्या हातचे पाणी मागतो, याचेच तिला नवल वाटते. गावोगावच्या पाणवठ्यांवर विटाळाने माणसे अडवली गेल्याचे ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकले आहे, त्यांना हे नवल समजावून सांगावे लागत नाही. पुढे येशू जे देऊ करतो ते माणसाच्या आत उफाळणाऱ्या झऱ्यासारखे आहे. शरीराची तहान आणि आत्म्याची तहान एकाच संवादात, एकाच विहिरीच्या काठी येतात. यहुद्यांच्या मंडपांच्या सणात, जेव्हा यरुशलेमेत शिलोहाच्या तळ्यातून पाणी आणून वेदीवर ओतले जाई, तेव्हाही ‘कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे येऊन प्यावे’ असेच तो म्हणतो.

आरंभीच्या मंडळीने, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती समाजाने, ‘जिवंत पाणी’ हे शब्द शब्दशः घेतले. ‘दिदाखे’ या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास रचलेल्या पुस्तिकेत बाप्तिस्मा शक्यतो जिवंत, म्हणजे वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे, असे सांगितले आहे. हिप्पोलितस या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथातील प्रथा तर फार बोलकी आहे. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना पहिल्या प्रभुभोजनात, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीत, द्राक्षारसाबरोबर दूध-मधाचा आणि साध्या पाण्याचाही प्याला देत. देहाला जे स्नान मिळाले तेच आतल्या माणसाला, म्हणजे आत्म्यालाही मिळावे, हा त्यामागचा अर्थ तिथेच दिलेला आहे. २५३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियान याने प्रभुभोजनाच्या प्याल्यात फक्त पाणी वापरणाऱ्यांचे मत एका पत्रात खोडून काढले. द्राक्षारस हा ख्रिस्त आणि पाणी ही प्रजा, एकदा मिसळल्यावर ती वेगळी करता येत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. कॅथलिक मिस्सेत आजही धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचे थोडे थेंब घालतात.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटी या प्रोटेस्टंट संस्थेचे काम १८२० मध्ये सुरू झाले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे गेले. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. प्रोटेस्टंट परंपरा ‘बाप्तिस्मा’ म्हणते, कॅथलिक ‘स्नानसंस्कार’. दोन्ही शब्दांत भर पाण्यात उतरण्यावर वा अंगावर पाणी घेण्यावर आहे, पिण्याचा उल्लेख कशातच नाही. तो जपला आहे वाचनांनी. कॅथलिक चर्चमधील बायबल-वाचनांच्या तीन वर्षांच्या क्रमात शोमरोनी स्त्रीची कथा पहिल्या म्हणजे अ-वर्षी, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी येते आणि पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मा घेणार असलेल्यांच्या तयारीसाठी ती प्राचीन काळापासून वाचली जाते. हा रविवार फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये पडतो, जेव्हा अथणी-रायबागच्या कोरड्या बाजूला विहिरींचे पाणी खाली जाऊ लागलेले असते आणि रहाटाचा दोर लांबवावा लागतो.