ग्रंथपेटी (नाशिक)

ग्रंथपेटी : वाचकांच्या वस्तीत नेऊन ठेवलेला आणि ठरावीक मुदतीने बदलला जाणारा निवडक पुस्तकांचा संच. पेटीत पुस्तके, त्यांची यादी आणि देवघेवीची वही एवढाच ऐवज असतो. ती कोणाच्या घरी, सोसायटीच्या कार्यालयात, शाळेत किंवा दवाखान्यात राहते आणि आसपासची माणसे तिच्यातून पुस्तके नेतात. वाचनालयात वाचक पुस्तकाकडे जातो; इथे पुस्तक वाचकाच्या गल्लीत येऊन राहते. महाराष्ट्रात ही पद्धत आज मुख्यतः नाशिकच्या नावाने ओळखली जाते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम त्याचे कारण.

पद्धत मात्र जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मेल्विल ड्यूई यांनी १८९३ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवायला सुरुवात केली. भारतात हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाले ते बडोदा संस्थानात. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि लगोलग फिरत्या पेट्यांचा स्वतंत्र विभाग काढला. गावातल्या शिक्षकाने किंवा चार जबाबदार माणसांनी मागणी केली की पेटी मिळे. वाचकाला पैसा पडत नसे आणि पेटी नेण्या-आणण्याचा खर्च संस्थान सोसत असे. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली बाराव्या वर्षी ते दत्तक गेले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुस्तक आणि वाचक यांच्यातले अंतर राज्याने आपल्या खर्चाने कापावे, हे त्यांना इतक्या लवकर उमगले त्याच्या मुळाशी कवळाण्यातले ते बालपण असावे, असे मानायला जागा आहे. नाशिककरांना हा दुवा अजून पुरेसा ठाऊक नाही.

खुद्द नाशिक शहरात संस्थात्मक वाचनाची सुरुवात १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाने झाली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. त्यानंतर राज्यात जी मोजकी जुनी वाचनालये निघाली त्यांत नाशिकचे हे एक. गावात त्याला ‘सावाना’ एवढेच म्हणतात. वाचनालयाच्या वास्तूत पुस्तकांखेरीज वस्तुसंग्रहालय आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, व्याख्यानांसाठी औरंगाबादकर सभागृह आहे. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, काही काळ त्याचे अध्यक्ष होते. एका छताखाली नाटक, व्याख्यान, चित्रप्रदर्शन आणि पुस्तकांची देवघेव चालली की नाटकाला आलेला माणूस जाता जाता वाचनकक्षात डोकावतो. वाचन वाढवण्याचे म्हणून वेगळे कार्यक्रम आखावे लागत नव्हते त्या काळात ही रचना फार उपयोगी पडली.

जुने नाशिक पायी फिरण्याएवढे होते. रविवार कारंजा, मेनरोड, भद्रकाली, गंगेपलीकडची (म्हणजे गोदावरीपलीकडची) पंचवटी, कुठूनही निघालेला सभासद पाव तासात वाचनालयात पोचे आणि भाजीच्या पिशवीतच पुस्तक घेऊन परते. नंतर सातपूरला औद्योगिक वसाहत झाली, अंबडला दुसरी झाली, सिडकोच्या सहा घरबांधणी योजना वसल्या, इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्यापर्यंत घरे गेली. माणसे बाहेर सरकली. मोठे वाचनालय होते तिथेच राहिले. अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला किंवा सहाव्या योजनेत राहणाऱ्या गृहिणीला पुस्तक बदलण्यासाठी दोन तास मोडावे लागू लागले. उपनगरांत छोटी वाचनालये निघाली; काही टिकली, काही जागेच्या भाड्याने मिटली. ‘हल्ली लोक वाचत नाहीत’ हे वाक्य याच काळात रूढ झाले. वाचणारा आणि पुस्तक यांच्यात पडलेले हे अंतर त्या वाक्यात कुठेच मोजलेले नसते.

ग्रंथ तुमच्या दारी हा उपक्रम प्रतिष्ठानचे विश्वस्त विनायक रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाला. एका पेटीत शंभर पुस्तके, एका पेटीमागे साधारण पस्तीस वाचक, आणि चार महिन्यांनी पेटीची अदलाबदल, असा साधा हिशोब. एका वाचकगटाची पेटी दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याची तिसऱ्याकडे. म्हणजे एका गटापुढून वर्षाला तीनशे पुस्तके जातात. वर्गणी नाही, अनामत नाही. पुस्तकांचा खर्च देणगीतून निघतो. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आईवडिलांचे स्मरण अशा निमित्ताने हार-तुरे आणि जेवणावळीऐवजी पुस्तकांसाठी रक्कम द्यावी, असे आवाहन करण्यात आले आणि लोकांनी ते मनावर घेतले. नाशिकमधून पेट्या राज्यातल्या इतर शहरांत गेल्या. पुढे दुबईसह परदेशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोचल्या. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातही पेटी गेली. बराकीतल्या माणसाजवळ वेळ भरपूर असतो आणि निवड जवळजवळ नसते. तिथे शंभर पुस्तकांतून एक आपल्या मनाने उचलणे यालाही मोल आहे.

सगळी व्यवस्था ज्या खुंटीवर टांगलेली असते तो माणूस म्हणजे समन्वयक. पेटी त्याच्या किंवा तिच्या घरी राहते. पुष्कळ ठिकाणी या बाई असतात : निवृत्त शिक्षिका, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेल्या, किंवा घर सांभाळून दुपारचे दोन तास मोकळे असणाऱ्या. कोणी काय नेले याची नोंद ठेवणे हे कामातले सोपे काम. खरे काम वेगळे असते. संध्याकाळी पुस्तक परत करायला आलेली शेजारीण दारातच म्हणते, ‘काकू, नाही जमलं हो, पन्नास पानांपुढे जाईना.’ अशा वेळी ‘राहू दे, हे घेऊन बघ’ म्हणत दुसरे पुस्तक हातात ठेवता आले पाहिजे. त्यासाठी पेटीतली निदान निम्मी पुस्तके स्वतः वाचलेली हवीत, आणि त्या शेजारणीच्या घरी सध्या काय चालले आहे याचीही थोडी कल्पना हवी. सासूच्या आजारपणात रात्री जागणाऱ्या बाईला जाडजूड कादंबरी देऊन चालत नाही. कथासंग्रह द्यावा, एक कथा एका बसण्यात संपते. ग्रंथालयशास्त्रात याला वाचक सल्ला सेवा म्हणतात. पदविका नसलेल्या शेकडो बायका ती उत्तम करतात. एक पेटी जोमात चालते आणि तीच पेटी पुढच्या गटात चार महिने उघडलीही जात नाही, याचे कारण बहुतेक वेळा समन्वयकात सापडते. नव्या गटाची जुळवाजुळव करताना म्हणून आधी घर शोधावे, पेटीचे नंतर बघावे.

पुस्तकांची निवड हा दुसरा नाजूक भाग. शंभर पुस्तके म्हटली तर पुष्कळ, म्हटली तर फारच थोडी. पेटीत कादंबऱ्या आणि कथा हव्यातच. चरित्रे-आत्मचरित्रे मराठी वाचकाला मनापासून आवडतात. प्रवासवर्णने, आरोग्य, इतिहास, थोडी कविता, थोडे विनोदी लेखन, अनुवाद, आणि लहान मुलांसाठी दहाबारा पुस्तके तरी पाहिजेत. मूल पुस्तक घ्यायला आले की मागून आई येते. कोणत्या गटात काय चालेल हे आधी सांगता येत नाही. अध्यात्माची पुस्तके फक्त म्हातारी माणसे नेतील हा अंदाज नेहमी चुकतो आणि शेतीविषयीची पुस्तके शहरातल्या इमारतींत आवडीने वाचली जातात, कारण नाशिकमधल्या अर्ध्या घरांची मुळे निफाड, दिंडोरी नाहीतर सिन्नरच्या वावरात आहेत. देवघेवीची वही ही म्हणूनच पेटीतली सर्वांत मौल्यवान वस्तू. चार महिन्यांत एकदाही बाहेर न गेलेले पुस्तक कोणते आणि सात जणांनी नंबर लावलेले कोणते, हे ती सांगते, आणि पुढची पेटी त्यावरून भरता येते.

पेटी आणि वाचनालय यांचे नाते नीट समजून घ्यायला हवे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. वाचनालय स्थानिक संस्थेने चालवायचे आणि शासनाने त्याला अनुदान द्यायचे, ही या कायद्याची रीत. जिल्हा, तालुका आणि इतर अशा गटांत, तसेच अ, ब, क, ड अशा वर्गांत ग्रंथालये विभागली जातात आणि अनुदान त्यानुसार ठरते. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. परिणामी वाचनालयाची मिळकत अनुदान आणि वर्गणी एवढ्यावर थांबते आणि गावच्या ग्रंथपालाचा पगार सांगायलाही लाज वाटावी इतका राहतो. ग्रंथपेटी ही या व्यवस्थेला जोड आहे, पर्याय नाही. संदर्भग्रंथ, जुनी मासिके, दुर्मीळ पोथ्या, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला टेबल-खुर्ची आणि डोक्यावर पंखा, यांतले काहीच पेटी देऊ शकत नाही. ‘लोक आपापल्या पैशाने पेट्या फिरवतात, मग अनुदान कशाला?’ असा सूर कोणी लावला तर त्याला तिथल्या तिथे अडवले पाहिजे.

नाशिक जिल्ह्यात वाचनाचे इतरही प्रवाह आहेत. मालेगावात मराठीइतकीच, किंबहुना काही मोहल्ल्यांत तिच्याहून अधिक, उर्दू वाचली जाते. यंत्रमागाच्या या गावाने आपली उर्दू वाचनालये पिढ्यानपिढ्या जपली आहेत. येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली. दरवर्षी त्या तारखेला तिथल्या मुक्तिभूमीवर, म्हणजे घोषणेच्या जागेवर, लोटणाऱ्या गर्दीत पुस्तकांच्या पथाऱ्या असतात आणि हातावर पोट असलेली माणसेही एखादे पुस्तक घेतल्याशिवाय परतत नाहीत. मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरच्या अलीकडे दहाव्या मैलाजवळ एका आजींचे हॉटेल आहे. तिथे मिसळ येईपर्यंत वाचायला टेबलावर पुस्तक मिळते. ‘पुस्तकांचे हॉटेल’ म्हणूनच ते प्रसिद्ध आहे. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात भरणारी वसंत व्याख्यानमाला शंभर वर्षांची झाली. दिवाळीनंतर वाचनालयांत दिवाळी अंकांची खास योजना निघते. एरवी वर्षभर न फिरकणारा वाचक तेवढ्यापुरता सभासद होतो, आणि त्याला फेब्रुवारीनंतरही टिकवून ठेवणे ही ग्रंथपालाची खरी कसोटी असते.

शासकीय दिनविशेषही आहेत : २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून, आणि १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. शाळांत त्या दिवशी मुलांना कपाटातली पुस्तके काढून वाचायला बसवतात, फोटो काढतात. कपाटाला दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लागत असेल तर त्या फोटोचा मुलांना काही उपयोग नाही. वर्गात कोपऱ्यावर ठेवलेली पेटी, तिची किल्ली सातवीतल्या दोन मुलींकडे आणि फाटलेल्या पुस्तकाबद्दल दंड नाही, एवढे केलेल्या शाळेत तारखेची वाट पाहावी लागत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या आदिवासीबहुल भागांत पेटीची गरज सर्वांत जास्त आणि अडचणीही तिथेच जास्त. पाड्यांवरचे अंतर ही पहिली. दुसरी भाषेची : घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतले गोष्टीचे पुस्तक अर्धे परके असते. त्यामुळे तिथल्या पेटीत चित्रांची, मोठ्या टायपाची आणि मोठ्याने वाचून दाखवता येतील अशी पुस्तके अधिक घालावी लागतात आणि वाचून दाखवणारे माणूस पाड्यावरचेच असावे लागते. तिसरी अडचण पावसाची. जूनपासून चार महिने इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात हवा इतकी ओली असते की बंद पेटीतही पाने फुगतात आणि बांधणीला बुरशी धरते. म्हणून या भागातली अदलाबदल मे महिन्यातच उरकून घेणे चांगले. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी, आत वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा आणि उघडीप मिळताच पुस्तके बाहेर काढून सावलीत वारा द्यावा.